दाजीपूर-राधानगरीच्या पायवाटा : तुमचे अनुभव लिहा

भोगावतीकाठ

काल रात्री राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली. आईनं लगेच विचारलं, "किती उघडले गं?" सातांपैकी एकेक दरवाजा सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सोडतो, हा हिशेब आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. तो बाबांनी करून घेतलेला. बाबा एसटीत कंडक्टर होते, फोंडा घाटातनं कोकणात उतरणाऱ्या गाडीवर. सुट्टी मिळाली की त्याच गाडीनं आम्हा भावंडांना दाजीपूरला नेऊन उतरवायचे आणि दिवसभर चालवायचे.

पाठीवर भाकरी, खर्डा, दह्याचा डबा. झाडांतनं मध्येच लक्ष्मी तलावाचं, म्हणजे राधानगरी धरणाचं, पाणी दिसायचं, मध्येच नाहीसं व्हायचं. बाबा सांगायचे, हे धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, पण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. एकदा वळणावर समोर गव्यांचा कळप. काळेभोर देह, गुडघ्याखाली पांढरे पाय. त्यातल्या एकानं आमच्याकडं तोंड करून जोरात फुत्कार टाकला. बाबांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "वाट त्यांची हाय. त्यांना जाऊ दे आदी." किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. शेवटचं पिल्लू झाडीत गेल्यावरच आम्ही पाऊल टाकलं.

बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. आज त्या वाटा फार आठवतायत. दाजीपूर, शिवगड किल्ला, काळम्मावाडी धरणाच्या पाण्याकडेची रानं, जिथं पायी हिंडलाय तिथलं लिहा. जीपमधनं बघितलेलंही चालेल, पण पायी चाललेलं आधी.

पेठेतला

ताई, वाचून गलबलून आलं. त्या गाडीत मी पण बसलोय नक्की. चिमट्याची टकटक करत "फोंडा, कणकवली" म्हणत मागपर्यंत जायचे ते कंडक्टर. तेच असतील का हो?

भोगावतीकाठ

असतील दादा. उंच होते, कानाला पेन असायचं.

पेठेतला

मग तेच!! सुट्टे पैसे नसले तर लक्षात ठेवून उतरताना द्यायचे.

मिरगाचा_पाऊस

जळवा. एवढंच लिहितो. कॉलेजात असताना जूनच्या सुरवातीला राधानगरीच्या बाजूला गेलेलो, पहिला पाऊस पडून गेलेला. बुटात, मोज्यात, एकाच्या तर कानामागं. गावातल्या एका मामींनी मीठ दिलं, त्यांच्या चुलीपुढं बसवलं, वर चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. नंतर कळलं की पावसाळ्यात अभयारण्य बंदच असतं. आता दिवाळीनंतरच जातोय.

उसाचा_फड

मीठ + तंबाखूची पुडी. आमचा आज्जा तंबाखू भिजवून पायाला लावायचा.

रंकाळ्याचा_वारा

आत्ता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती आहे? कुणी बघितलंय का

वाडीवाली

भोगावतीकाठ, तुझ्या बाबांचं वाक्य माझ्या आईचंच वाटलं मला. आमची वाडी त्याच रानात होती. शाळेला जायला पायवाट, दोन ओढे आणि मध्ये दाट राई. सकाळी आई सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या खडकाळ पठारापर्यंत, यायची, तिथनं पुढं आम्ही पोरं एकमेकांचा हात धरून. राईत बोलायचं नाही, हाळी द्यायची नाही, देवीची जागा. भेकर, ते लहान हरीण, भुंकलं तर थांबायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुत्रंच समजून मी "यू यू" करत बसलेलो.

पुढं अभयारण्यासाठी वाडी उठली. नवीन जागेला रस्ता हाय, दवाखाना जवळ हाय, शाळा दारात हाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण ठरलेल्यातलं अजून सगळं हातात पडलं नाही, आणि आई शेवटपर्यंत "आंबं पाडाला आलं असतील" म्हणायची. परवानगी काढून भावासंगं गेलेलो मध्ये एकदा. जोतं सापडलं. आंबे तसेच उभे. वाट मात्र बारीक झालीया, खाली गव्यांच्या खुरांचे ठसे. त्यांनी चालून चालून ती जिवंत ठेवलीया बघ.

भोगावतीकाठ

अक्का, काय लिहू. दोनदा वाचलं.

उसाचा_फड

वाडीवाली अक्का, आणि लिहा. शाळेच्या वाटेवर खायला काय काय मिळायचं ते तरी लिहा.

वाडीवाली

करवंदं, जांभळं, तोरणं, आळू. मे महिन्यात घरी जेवायला कुणाला भूक असायची? गाईची धार काढायची हाय, नंतर लिहितो.

सडा_आणि_राई

मी पक्ष्यांसाठी जातो, म्हणून जरा लांबण लावतो. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, पुढं वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. २०१२ ला पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. हे आकडे बहुतेकांना माहीत असतात, पण सावराई सड्यावर चालताना पायाखाली काय आहे हे कुणी सांगत नाही. तिथं जांभ्या दगडावर मातीचा नुसता पापुद्रा असतो, म्हणून मोठं झाड धरत नाही. पावसाळ्यात त्याच पापुद्र्यावर गवत आणि इवली इवली फुलं येतात. पाणी दगडाच्या भेगांतनं मुरतं आणि खाली राईत झरा होऊन निघतं. सड्याच्या कडेला, उतार सुरू होतो तिथं, जंगल एवढं दाट का, त्याचं एक कारण हे. हेच झरे पुढं भोगावतीला मिळतात.

ठक्याच्या वाड्याकडं जाताना वर बघत चला. शेकरू फांदीवरनं फांदीवर जातं तेव्हा आधी पानांचा आवाज येतो, मग तांबूस शेपूट. हरियाल उंबरावर फळं खाताना हिरव्या पानांत दिसतच नाहीत, फळं टपटप पडायला लागली की मान वर करायची.

आणि हात जोडून सांगतो, रानात स्पीकर लावू नका. गव्याला दिसतं त्यापेक्षा वास आणि आवाज आधी कळतो. माणसं कुठनं येतायत हे न कळून तो बिथरला तर हजार किलोचं जनावर आहे. स्थानिक गाइड घ्या. त्या पोरांना वारा कुठला आहे ते न बघता कळतं.

पेठेतला

२०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापुरातच आला होता की! लोक मोबाइल घेऊन त्याच्या मागं. फार वाईट वाटलं तेव्हा. बिचारा वाट चुकलेला.

सडा_आणि_राई

तेच. "त्यांना जाऊ दे आदी" हे तेव्हा कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं.

चिखलीची

@रंकाळ्याचा_वारा इशारा ३९ फुटांला, धोका ४३ ला. अजून इशाऱ्याला अवकाश हाय, पण आमी जनावरं हलवायची तयारी ठेवलीया. २०१९ चा पूर बघितल्यापासनं वाट बघत नाही कुणाची. धाग्याचा विषय नव्हे, माफी.

भोगावतीकाठ

माफी कसली ताई. सड्यावरचंच पाणी तुमच्या दारात येतंय. काही लागलं तर इथंच लिहा.

घाटउतार

शिवगड राहिला की! उगवाई देवीला नारळ फोडून वर गेलेलो, मुलगी सहा वर्षांची. वरनं खाली कोकण आणि घाटाची वळणं. ती म्हणाली, "बाबा, रस्ता कुणी सांडला?" अजून घरात सगळे हेच म्हणतात. (ऑफिसात आलोय, बाकी संध्याकाळी)

मिरगाचा_पाऊस

रस्ता सांडला!! नाद खुळा पोरगी 😄

सासुरवाशीण

सगळं वाचून जावंसं वाटतंय. सासूबाईंचे गुडघे धरलेत, पण त्यांचं माहेर तिकडचंच आणि मला म्हणतात, मला सोडून जाऊ नकोस. काय करता येईल?

सडा_आणि_राई

आत्ता नको, पाऊस उघडू दे. त्यांना राधानगरीत फुलपाखरू उद्यानात घेऊन जा, बसत बसत बघता येईल. दुसऱ्या दिवशी दाजीपूरला गावातल्याच कुणाची जीप करा. परवानगी आणि वेळा वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारून घ्या.

वाडीवाली

धार झाली. @सासुरवाशीण, सासूबाईंचं माहेर कुठल्या गावचं? इचारून सांग, आमच्या ओळखीतलंच निघंल. जीप माझा भाचा चालवतो, गव्याला बघून हॉर्न मारत नाही.