मदत हवी आहे: सेंटरफायर टार्गेट शूटिंगच्या सुरुवातीला परवडणारी फॅक्टरी रायफल कोणती घ्यावी?

राम राम मंडळी,

मी रावेर तालुक्यातला, केळीची शेती. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफल हाताळली, तेव्हापासून नेमबाजीची गोडी लागली ती सुटली नाही. सध्या केळीच्या शेडमध्ये १० मीटरवर एअर रायफल चालवतो. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. पाठीमागे ओल्या मातीची पोती रचलेली, त्यांच्यापुढे पुठ्ठ्यावर टार्गेट कार्ड. आता सेंटरफायरकडे, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पिन आदळणाऱ्या, जास्त ताकदीच्या रायफलकडे जायचं मनात आहे. आधी ५० आणि १०० मीटर, जमलं तर पुढे कधीतरी ३००. शिकार नको, रानडुकरांचा बंदोबस्त नको, स्वसंरक्षणही नको. फक्त कागदावरचा नेम. हे आधीच सांगतो, कारण आमच्याकडे रायफलचं नाव काढलं की चर्चा तिकडेच वळते.

नेटवर शोधलं तर सगळा सल्ला अमेरिकेतला. रुगर अमेरिकन घ्या, सॅव्हेज अ‍ॅक्सिस घ्या, थोडे जास्त पैसे असतील तर टिक्का टी३एक्स घ्या. नवख्याने .२२३ पासून सुरुवात करावी, धक्का कमी बसतो आणि काडतूस स्वस्त पडतं, असंही बहुतेक जण सांगतात. सल्ला चांगलाच आहे, पण आपल्या काय कामाचा? साध्या परवानाधारकाला परदेशी रायफल आयात करता येत नाही, ती सवलत नामांकित खेळाडूंना. आणि ज्या बोअरची काडतुसं लष्कर-पोलीस वापरतात ती बोअर आपल्याला बंद. .३०३ गेली, ७.६२ गेली. आमच्या भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथे फौजेसाठी ५.५६ आणि ७.६२ ची काडतुसं बनतात, पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटते. पण त्या काडतुसांची रायफल आम्हाला मिळणार नाही.

मग उरतं काय? ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल. जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीचा बोल्ट, ८ मिमीची जड गोळी, वेग बेताचा. त्याच फॅक्टरीची .३०-०६ सुद्धा आहे, पण तिचा धक्का आणि काडतुसाचा खर्च पाहता नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

.३१५ बद्दल माझी मुख्य शंका अचूकतेची आहे. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिमीचं असतं. समजा रायफल आणि काडतूस मिळून १०० मीटरवर ९ सेंटिमीटरचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) देतात, तर ३०० वर तोच २७ सेंटिमीटरचा होणार. माझा हात कितीही स्थिर असला तरी गोळी दहात पडली की आठात, हे नशिबावर. मला शिकायचं आहे, आणि गोळी बाजूला गेली तर ती माझ्यामुळे गेली की रायफलमुळे, हे कळत नसेल तर शिकणार कसं? ही रायफल टेकूवर ठेवून, एकाच लॉटच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप कोणी काढलेत का? तीन गोळ्यांचे नकोत. तीन गोळ्या जवळ पडणं योगायोगही असू शकतो.

दुसरी शंका साइटची. एअर रायफलवर मला डायऑप्टरची सवय आहे: मागचं बारीक भोक, पुढची रिंग, तिच्यात टार्गेटचा काळा गोल. .३१५ वर मागे उघडी खाच आणि पुढे माशी, म्हणजे बॅरलच्या टोकावरचा छोटा खुंट. माझं वय चाळिशीपलीकडे गेलंय, माशी स्पष्ट दिसली की मागची खाच धूसर होते. मागे पीप साइट (बारीक भोकाची साइट) बसवून घेणं शक्य आहे का, आणि ते नियमात बसतं का?

तिसरी गोष्ट, लाकडी दस्ता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड फुगलं-आकसलं की बॅरलवरचा दाब बदलतो आणि झीरो (साइटची जुळवून ठेवलेली नेमरेषा) सरकतो, असं वाचलंय. ज्यांनी ही रायफल खानदेश-विदर्भाच्या हवेत वर्षानुवर्षं वापरली आहे त्यांचा अनुभव हवा.

नवी घ्यावी की जुनी, हाही प्रश्न आहे. जुन्या बऱ्याच विकायला असतात. वडिलांच्या नावावर होती, वारसाला नको, अशा. त्यात काय तपासायचं?

आणि शेवटी रेंज. जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी कुठे साध्या क्लब सभासदाला सेंटरफायर चालवता येते का? शेतात चालवायची नाही हे मी ठरवलेलंच आहे. केळीच्या बागेत पाचशे पावलांवर कोण पाणी धरतंय ते दिसत नाही, आणि अशी गोळी टार्गेट चुकली तर कोसभर जाऊ शकते.

बजेट सांगायचं तर रायफल, तिजोरी आणि वर्षाची काडतुसं मिळून एका हंगामाच्या पिलबागेच्या खर्चाइतकं. म्हणजे चुकीची वस्तू घेऊन पुन्हा दुसरी घेण्याइतकं नाही.

प्रतिसाद: गिरणाकाठ

भाऊ, मी चाळीसगावकडचा, फौजेतून निवृत्त. तुमच्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलतो. आधी परवाना आणि रेंज, मग रायफल.

शस्त्र कायदा १९५९, कलम १३ चं पोटकलम ३ वाचा. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सभासदाने टार्गेट प्रॅक्टिससाठी .२२ रायफल मागितली तर परवाना द्यावा, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. .३१५ त्यात येत नाही. तिच्यासाठी तुमच्याकडे सबळ कारण आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला पटवावं लागतं. क्लब नाही, रेंज नाही आणि "टार्गेटसाठी सेंटरफायर हवी" असा अर्ज घेऊन गेलात तर पहिला प्रश्न हाच येणार की चालवणार कुठे. त्याचं उत्तर कागदावर हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे पहिली जागा कशाने भरायची याचा नीट विचार करा.

माझा सल्ला: क्लबचं सभासदत्व घ्या, .२२ ने ५० मीटर करा. हे खालच्या पायरीचं काम नाही. स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कांस्य जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), आणि ती रायफल .२२ रिमफायरच असते, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आदळणारी. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम), .२२ वरच. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. श्वास, घोडा आणि फॉलो-थ्रू (गोळी सुटल्यावरही नेम धरून ठेवणं) यांतली प्रत्येक चूक ते टार्गेट दाखवतं, आणि गोळी बॅरलमध्ये सेंटरफायरपेक्षा जास्त वेळ राहते म्हणून ढिलाई माफ होत नाही. काडतूस स्वस्त असल्याने सराव भरपूर होतो. .३१५ ची काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळतात, आणि तेवढ्यावर हात बसत नाही.

तरीही .३१५ घ्यायचीच असेल तर नवी-जुनीचं सांगतो. जुनीत पहिल्यांदा बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते पाहा. न जुळणारा बोल्ट म्हणजे हेडस्पेसची (बंद बोल्ट आणि चेंबर यांतल्या काडतुसाच्या जागेची) शंका, मग गेजने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. बोल्ट काढा, बॅरल उजेडाकडे धरा आणि मागून बघा: ग्रूव्हच्या (आतल्या पिळदार खाचांच्या) कडा धारदार दिसल्या पाहिजेत, खड्ड्याखड्ड्यांचा काळपट पट्टा नको. मग तोंड बघा. क्राऊनला (तोंडाच्या कडेला) टवका किंवा एका बाजूची घासट असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही ग्रुप फाटतो. चुकीच्या दांडीने वर्षानुवर्षं तोंडाकडून साफ केलेल्या रायफलींत हे हमखास सापडतं. पुढचं लाकूड हाताने दाबून बघा, हललं तर बेडिंग (लाकडातली बॅरलची बैठक) गेलेलं. व्यवहारात विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिसांना ४५ दिवस आधी लेखी कळवलेलं असलं पाहिजे, ती प्रत मागा.

दस्ता फुगतो, हे खरं. पावसाळ्याआधी लाकडाला आतून-बाहेरून जवसाचं तेल द्या आणि पावसाळ्यानंतर झीरो पुन्हा तपासा. काडतुसं उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापलेल्या दारूचा दाब वाढतो आणि गोळी वर जाते. पीप साइटसाठी परवानाधारक गनस्मिथकडेच जा. बॅरल कापणं, बोअर बदलणं असलं काही परवानगीशिवाय करायचं नाही, तो सरळ गुन्हा आहे.

अचूकतेचं म्हणाल तर १०० मीटरपर्यंत शिकायला .३१५ पुरते. ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी ती बनलेली नाही. तिथले खेळाडू खास टार्गेट रायफल वापरतात आणि त्यांतले बरेचसे सैन्यातले असतात. लष्कराचं मार्क्समनशिप युनिट महूलाच आहे, तुमच्याकडून बऱ्हाणपूर-खंडव्यावरून फार लांब नाही. मावळंकर स्पर्धेतून (राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा) वर गेलात की त्या दुनियेतली माणसं भेटतात, आणि कोणती रायफल कशी मिळवायची हे तीच सांगतात.

आणखी एक. तुमच्या एअर रायफलला कोरा घोडा दाबायची (ड्राय-फायर) सोय असेल तरच शेडमध्ये रोज संध्याकाळी तिच्या बॅरलवर रुपयाचं नाणं ठेवून घोडा दाबा; स्प्रिंगवाली छर्ऱ्याविना उडवली तर खराब होते. नाणं पडता कामा नये. .२२ आल्यावर मात्र स्नॅप कॅपशिवाय (सरावाच्या खोट्या काडतुसाशिवाय) कोरा घोडा दाबू नका, रिमफायरची पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

केळीबागवाला (धागाकर्ता):

दादा, मनापासून आभार. कलम १३ मी वाचलंच नव्हतं, त्यामुळे .२२ आधी हे आता पक्कं. .३१५ चा विचार क्लबची रेंज हाताशी आल्यावर. मग दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या. जळगाव किंवा बऱ्हाणपूर बाजूला ५० मीटरची .२२ रेंज असलेला, नवे सभासद घेणारा मान्यताप्राप्त क्लब कोणाला माहीत असेल तर कृपया इथे लिहा. दुसरं, ईशापूरची .२२ स्पोर्टिंग रायफल डायऑप्टर लावून कोणी ५० मीटरवर वापरली आहे का? की जुनी परदेशी टार्गेट रायफल एखाद्या निवृत्त खेळाडूकडून मिळेपर्यंत क्लबच्या रायफलवर थांबावं? केळीची कापणी संपली की अर्ज करणार आहे, तोवर उत्तरं आली तर फार मदत होईल.