गाडी तापल्यावरच येणारा वायरिंगचा फॉल्ट: कोणतं साधन वापरू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

इंजिन, क्लच, सस्पेन्शन यांत माझा हात बसलेला आहे, पण सध्या एक गाडी वायरिंगपायी अडकून पडली आहे. इंजिन चांगलं तापलं की मीटरवर एबीएस, पॉवर स्टिअरिंग, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम लागतात आणि आरपीएमचा काटा शून्यावर येतो. इंजिन मात्र चालूच राहतं. त्या अवस्थेत गाडी बंद केली तर परत चालू होत नाही. गार झाली की सगळं ठीक.

स्कॅनरवर एबीएस आणि मीटर या दोघांकडे यू ०१०० कोड येतो, म्हणजे इंजिन ईसीएमशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) संपर्क तुटला. ईसीएमची तक्रार उलटी: यू ०१२१, एबीएस सापडत नाही. बॅटरीचे टर्मिनल साफ केले. सेल्फ मारताना इंजिनच्या अर्थिंगवरचा व्होल्टेज ड्रॉप पाहिला, तो ठीक आहे. फ्यूज तपासले. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला, ६० ओहम आला. पण हे सगळं गाडी गार असताना.

वायरिंग डायग्राम पीडीएफमध्ये आहे. एक वायर पहिल्या पानावरून निघते, भलत्याच पानावर उगवते, आणि मधला जोड गाडीत नेमका कुठे आहे ते कळत नाही. वायरवर बोट ठेवलं की तीच उजळते असे डायग्राम मिळतात, त्यांचा खरोखर उपयोग होतो का? आणि पुढचं साधन म्हणून दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा) घ्यावा की आणखी मोठा स्कॅनर? या गाडीचं उत्तर मला मनापासून हवंय, अंदाजाने ईसीएम बदलायचा नाहीये.

प्रतिसाद १

ईसीएमला हात लावू नका. इंजिन चालू राहतंय म्हणजे त्याचा सप्लाय आणि अर्थिंग शाबूत आहे. तुटतोय तो फक्त कॅन लाइनवरचा, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांवरचा संवाद. आरपीएमचा आकडा मीटरला त्याच लाइनवरून जातो, आणि बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) परवानगीही. म्हणून काटाही पडतो आणि गाडीही चालू होत नाही.

मोठा स्कॅनर इथे नवीन काही सांगणार नाही. कोण कोणाशी बोलत नाही एवढंच तो सांगतो, वायर कुठे तुटली ते नाही. आधी हातातल्या मल्टीमीटरचं काम पुरं करा. कॅन लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, समांतर जोडल्यामुळे ६० दिसतात. पुष्कळदा त्यातला एक ईसीएमच्या आतच असतो. फॉल्ट आलेला असताना, गाडी गार होण्याआधी, बॅटरी काढून तीच मोजणी परत करा. १२० आले तर ईसीएमकडे जाणारी वायर ओपन आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना शॉर्ट आहेत. फक्त गाडीत गेटवे मॉड्यूल (ओबीडी सॉकेट आणि आतली लाइन यांच्या मधला कॉम्प्युटर) असेल तर ओबीडी सॉकेटवरून आतली लाइन दिसत नाही, मग मोजणी गेटवेच्या कपलरपाशी (वायरींच्या प्लगपाशी) करावी लागते.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. स्कोप मात्र जरूर घ्या, अशा कामात तो फार उपयोगी पडतो. कॅन हाय (६ नंबरची वायर) २.५ व्होल्टवरून ३.५ वर उडी मारते, कॅन लो (१४ नंबरची) त्याच क्षणी २.५ वरून १.५ वर येते. मल्टीमीटर याची फक्त सरासरी दाखवतो. एक चॅनल ओबीडीच्या ६ नंबरवर, दुसरा ईसीएमच्या कपलरमध्ये त्याच वायरवर मागून बारीक पिन सरकवून. फॉल्ट आल्यावर दोन्ही चित्रं वेगळी झाली की बिघाड त्या दोघांच्या मधे. मग तसंच १४ नंबरच्या वायरवर. वायरचं इन्सुलेशन टोचू नका, तिथून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.

फ्यूज कसे तपासलेत? डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. सप्लायची वायर बल्बचा लोड देऊन तपासावी. कॅन किंवा सेन्सरच्या वायरला मात्र बल्बचा टेस्ट लॅम्प कधीच लावू नका.

उजळणाऱ्या डायग्रामचा खरा फायदा रंगापेक्षा त्यासोबत येणाऱ्या माहितीत आहे: कपलरचं समोरून दिसणारं चित्र, पिन नंबर, जोडाची गाडीतली जागा. ते तीन नसतील तर तुमची पीडीएफ बरी.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गाडी तापवून फॉल्ट आणला आणि लगेच मोजलं: १२० ओहम. गार असताना ईसीएमचा कपलर काढून पाहिलं, तेव्हाही १२०. म्हणजे एक रेझिस्टर ईसीएममध्येच आहे. हार्नेस (वायरींचा टेप गुंडाळलेला जुडगा) सायलेन्सरच्या पाइपजवळून जातो. सगळी टेप सोडू का?

प्रतिसाद १

सगळी नको. ईसीएमचा कपलर काढून ६ नंबरपासून त्याच्या पिनपर्यंत एक वायर मोजा, मग १४ पासून दुसरी. मीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या मोडवर) ठेवा आणि मदतनिसाला हार्नेस वीतवीत हलवायला सांगा, पाइपजवळच्या भागाला लांबून हीट गन द्या. आकडा उडेल तिथलीच टेप सोडा. कपलरमधली पिन सैल नाही ना तेही बघा. जोडताना दोन्ही वायरींचा पीळ होता तसा परत द्या आणि हार्नेस पाइपपासून दूर क्लिपने बांधा.