भाचीला एएफएमसीत (सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात) घालायचंय, घरात फौजी कुणी नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाची अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात वाढली. दाजींची कपाशीची कोरडवाहू शेती. पोरीला नीटमध्ये चांगले गुण पडलेत आणि तिने पुण्याच्या एएफएमसीचाच ध्यास घेतलाय. एमबीबीएसच्या १४५ जागा, त्यात मुलींना फक्त ३०. फी नाही, राहणं-खाणं सरकारकडून. दुसरीकडच्या खाजगी कॉलेजांचे आकडे ऐकून दाजी रात्र रात्र जागतात, त्यामुळे मलाही हाच रस्ता बरा वाटतो.

पण नीटनंतर तिथे इंग्रजी आणि तर्कबुद्धीची वेगळी परीक्षा असते, अर्ध्या तासात ४० प्रश्न. मग मुलाखत, मग मेडिकल तपासणी. पोर दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, डोळ्याला चष्मा. तयारी कशी करवून घेऊ?

आणि घर अडलंय ते बाँडवर. शिकून झालं की सैन्याच्या वैद्यकीय सेवेत जावंच लागतं, मध्येच सोडलं तर मोठी रक्कम भरावी लागते. आजी एकच धरून बसलीय, "पोरले इतली दूर कसाले धाडतस?" फौजी घरांतल्या मुलींमध्ये आमची पोर एकटी तर पडणार नाही ना? कुणाची मुलं तिथे शिकली असतील तर कृपया लिहा.

प्रतिसाद:
दादा, आम्ही भुसावळचे, रेल्वेवाले. आमच्याही घरात सैन्यात कुणी नव्हतं, मुलगी तिथूनच डॉक्टर झाली. आत गेल्यावर कर्नलची लेक काय नि शेतकऱ्याची काय, सगळ्या कॅडेटच. पहाटेची पीटी पहिले दोन महिने जड गेली, फोनवर रडायची. मग रुळली.

डोळे आत्ताच तपासून घ्या, तिथल्या मेडिकलची वाट पाहू नका. कान, दात, वजनसुद्धा. अपात्र ठरवलं तर फेरतपासणी मागता येते. मुलाखतीत शेतीवरच बोलू द्या. बोंडअळीवर ती जे सांगेल ते पाठ केलेल्या उत्तरात नसतं. इंग्रजीसाठी रोज घड्याळ लावून उतारे सोडवायला बसवा.

बाँडवर पालकांचीही सही लागते, म्हणून प्रत्येक ओळ दाजींना मराठीत समजावून सांगा. शिकताना लग्न करता येत नाही, हे आजीलाही आधीच सांगा. पुणं दूर नाही हो, जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट जाते.

धागाकर्ता:
ताई, फार आधार वाटला. शनिवारी तिला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो. एक विनंती, तुमच्या मुलीचा गणवेशातला फोटो व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवाल का? आजीला दाखवायचाय.