पेपर सुरू कसा झाला, कोणी सांगेल का?

पार्कचौकवाला: पोरीला शाळेत वर्तमानपत्रावर बोलायचंय. घरी रोज संचार येतो पण पेपर म्हणजे नक्की काय आणि तो कधीपासून हे मलाच नीट सांगता येईना, सोप्या भाषेत सांगा की.

नवीपेठकर: ठरलेल्या वेळी छापून निघणारं, ताज्या बातम्या असलेलं आणि कोणालाही विकत मिळणारं ते वर्तमानपत्र. युरोपात आधी व्यापारी हाताने लिहिलेली बातमीपत्रं मागवायचे, मग १६०५ ला स्ट्रासबर्गमध्ये योहान कारोलसनं तीच छापायला घेतली. आपल्या देशात १७८० ला कलकत्त्यात हिकीचं गॅझेट आलं, इंग्रजीत. मराठीत ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण, मुंबईतून, एका बाजूला मराठी अन् दुसऱ्या बाजूला इंग्रजी, सुरुवातीला पंधरा दिवसांनी निघायचं. म्हणून तर ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो.

मीलपोरगा: पुढं टेलिग्राफ आला, रेल्वे आली, तेव्हा लांबची बातमी लवकर मिळायला लागली आणि अंक गावोगाव जायला लागले, रोजचा पेपर त्यामुळंच जमला. पण पोरीला आपल्या सोलापूरचं नक्की सांगायला लावा बरं का. १९३० ला इथं मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला तेव्हा कर्मयोगी या पेपरचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना लिहिलं म्हणून तुरुंगात टाकलं होतं. मला तर हे तारखांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, शाळेत हे कोणी सांगत नाही.

पार्कचौकवाला: लई भारी, राजवाड्यांपासूनच सुरुवात करायला सांगतो तिला.