मदत हवी आहे: क्रिस्टल व्हायोलेट म्हणतं बायोफिल्म शाबूत, रेझाझुरिन म्हणतं सगळे मेले. कुणाचं ऐकू?

नमस्कार मंडळी,

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पाचा विषय म्हणजे वनस्पतींच्या इसेन्शियल ऑइलचा जिवाणूंवर, आणि त्यातही त्यांच्या बायोफिल्मवर (पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या चिकट थरावर) होणारा परिणाम. आमच्या लॅबमध्ये यावर आधी कुणी काम केलेलं नाही, गाईडचं क्षेत्रही वेगळं आहे, म्हणून इथे विचारते. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

तेलं चार: लवंग, दालचिनीची साल, ओवा आणि टी ट्री. जिवाणू दोन: स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एटीसीसी २५९२३) आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा (पीएओ१). तेल आधी डीएमएसओत (तेल विरघळवणाऱ्या द्रवात) मिसळून मग ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात) घालते, डीएमएसओ शेवटी १ टक्क्याच्या वर जात नाही. नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल प्रत्येक वेळी असतो आणि त्यात वाढ व्यवस्थित येते.

आता घोळ.

डिस्क डिफ्यूजनमध्ये (जिवाणू पसरलेल्या जेलीसारख्या अगारवर तेलाची चकती ठेवून, भोवती वाढ न झालेलं वर्तुळ म्हणजे झोन मोजायचा) स्टॅफवर दालचिनी आणि ओवा यांचे झोन भलेमोठे आले, टी ट्रीचा मध्यम, लवंगेचा सगळ्यात लहान. ब्रॉथमध्ये एमआयसी (वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा) काढलं तर लवंग सरळ टी ट्रीच्या पुढे. दोन पद्धती, दोन क्रम. प्रबंधात कोणता लिहायचा?

दुसरं म्हणजे ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये ओव्याच्या सगळ्यात तीव्र मात्रेला लागून जे वेल आहेत, त्यांत तेल घातलेलंच नसतं, तरी वाढ येत नाही. तेच इनॉक्युलम (पेरलेले जिवाणू) प्लेटच्या दुसऱ्या टोकाला झकास वाढतं. पिपेटिंग दुसऱ्या मुलीकडून करून घेतलं, तरी तेच.

पण खरी डोकेदुखी बायोफिल्मची. टीएसबी या ब्रॉथमध्ये १ टक्का ग्लुकोज घालून स्टॅफचं २४ तासांचं बायोफिल्म वाढवते, धुते आणि मग एमआयसीच्या चौपट तेल घालून आणखी २४ तास ठेवते. क्रिस्टल व्हायोलेटने (थराला चिकटणाऱ्या जांभळ्या रंगाने) बघितलं तर बायोफिल्म जेमतेम कमी झालेलं दिसतं, लवंगेच्या वेलमध्ये तर कंट्रोलपेक्षाही गडद. त्याच बेताच्या दुसऱ्या प्लेटमध्ये रेझाझुरिन (जिवंत पेशी असतील तर निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घातलं तर निळं ते निळंच, गुलाबी व्हायचं नाव नाही. खरवडून अगारवर पसरवलं तर वसाहती जवळपास नाहीतच. म्हणजे बायोफिल्म आहे की गेलं?

याउलट तेल पहिल्यापासून घातलं, म्हणजे बायोफिल्म बनायच्या आधी, तर एमआयसीच्या मात्रेला क्रिस्टल व्हायोलेटचं रीडिंग ९० टक्क्यांच्या आसपास पडतं. गाईड म्हणतात, हाच मुख्य निष्कर्ष, आलेख देखणा आहे. मला तो आलेखच पटत नाहीये, पण का पटत नाही ते त्यांना नीट मांडता येत नाही.

स्यूडोमोनासबद्दल वेगळं विचारेन, तिथे टी ट्रीचा काही परिणामच दिसत नाही.

प्रतिसाद १

डिस्कचं आधी उरकतो. अगार म्हणजे बहुतेक पाणीच. तेल त्यात पसरत नाही. पसरतो तो तेलातला पाण्यात थोडाफार विरघळणारा भाग, आणि वरून हवेतून पोचते ती वाफ. त्यामुळे झोनच्या आकारात तेलाची ताकद आणि त्याची पसरण्याची क्षमता यांची खिचडी असते. प्रतिजैविकांच्या डिस्कचे तक्ते वर्षानुवर्षांच्या प्रमाणीकरणातून आलेत, तेलांना ते लावता येत नाहीत. क्रम एमआयसीचाच लिहा. डिस्क फक्त प्राथमिक चाळणी म्हणून एका परिच्छेदात.

तुमची मृत कंट्रोल वेल ही वाफेची करामत आहे. तेल उडतं, झाकणाखालून शेजारी जातं आणि तिथल्या ब्रॉथमध्ये उतरतं. एका तेलाला एक प्लेट द्या. तेल नसलेले कंट्रोल त्या प्लेटवर तीव्र मात्रेपासून लांब ठेवा आणि शिवाय एका पूर्ण वेगळ्या प्लेटवरही ठेवा. वर चिकटपट्टीची सील शीट लावा, नुसतं झाकण पुरत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: वाफ बाहेर गेली म्हणजे तीव्र वेलमध्ये तुम्ही लिहिलेली मात्रा २४ तासांनी उरलेलीच नसते.

आणि शुद्ध तेल पॉलिस्टायरीनला लागू देऊ नका. लवंगेच्या तेलाने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं, मग ओडीचं (प्रकाश किती अडतो त्याचं) रीडिंग रद्दी. पहिली पातळ द्रावणं काचेत करा.

प्रतिसाद २

बाटलीत काय आहे ते कुणी तपासलंय का? जीसी-एमएस (तेलातले घटक ओळखायची चाचणी) झालंय? दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड मुख्य असतं, पानांच्या तेलात युजेनॉल, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने ते लवंगेचं भावंड. लेबलवर बऱ्याचदा नुसतं ‘दालचिनी तेल’ लिहिलेलं असतं. टी ट्रीसाठी आयएसओ ४७३० हे मानक आहे, त्यात टर्पिनेन-४-ऑल किती हवं आणि सिनिओल किती चालेल हे ठरवून दिलंय. ओव्याचा जोर थायमॉलवर, आणि त्याचंही प्रमाण नमुन्यानुसार बदलतं.

बाटली अर्धी रिकामी होऊन उजेडात पडली असेल तर टर्पीनचं ऑक्सिडेशन होतं, टी ट्रीमध्ये पी-सायमीन वाढतं. मग तुम्ही मोजताय ते वेगळंच तेल. गडद काच, थंड जागा, बाटलीत हवा कमीत कमी.

आणि एमआयसी टक्क्यांत लिहिताय की मिलिग्रॅममध्ये? लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, टी ट्रीचं हलकं. घनता न धरता दोघांची तुलना करू नका. जड तेल वेलच्या तळाशी बसतं, हलकं वर तरंगतं, आणि तुमचं बायोफिल्म तळाशी आहे.

प्रतिसाद ३

मुख्य प्रश्नावर येतो. तुमचे दोन्ही रंग खरं बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत.

क्रिस्टल व्हायोलेट ऋणभारित रेणूंना चिकटतं. जिवंत पेशी, मेलेल्या पेशी, बाहेरची शर्करा, सांडलेला डीएनए, सगळ्यांना सारखंच. भाडेकरू निघून गेले तरी वाड्याच्या भिंती उभ्या असतात, आणि क्रिस्टल व्हायोलेट भिंती मोजतं. तेलाने पेशी मारल्या पण त्या सुटून आल्या नाहीत, तर रीडिंग हलणार नाही. रेझाझुरिन पेशींचा चयापचय चालू आहे का एवढंच सांगतं. तेव्हा तुमचा निकाल असा वाचायचा: या मात्रेला तेल स्टॅफला मारतं, पण बायोफिल्मचा सांगाडा पृष्ठभागावरून काढत नाही. हा निष्कर्ष कमी नाही, व्यवहारात तो मोठा आहे. उरलेल्या सांगाड्यावर नवे जिवाणू आरामात बस्तान मांडतात.

लवंगेचा गडद रंग मात्र सरळ स्वीकारू नका. जिवाणू न घालता नुसतं ब्रॉथ आणि तेल २४ तास ठेवा, तसंच धुवा, तसंच रंगवा. प्लास्टिकला चिकटलेलं तेल रंग धरून ठेवत असेल तर तिथेच दिसेल आणि तेवढं वजा करता येईल.

रेझाझुरिनलाही असाच कंट्रोल हवा, कारण वनस्पतींतली काही फिनॉलिक द्रव्यं पेशी नसतानाही ते क्षपित करतात. शिवाय ते गुलाबी होऊन थांबत नाही, फार वेळ ठेवलं तर आणखी क्षपित होऊन रंगहीन होतं, तेव्हा वेळ ठरवून वाचा. आणि निळं राहिलं म्हणजे मेलंच असंही नाही. बायोफिल्मच्या खालच्या थरात मुळातच मंद पडलेल्या पेशी असतात.

म्हणून पंच वसाहतींची गणनाच. पण तिथेही एक फट आहे: खरवडलेल्या द्रवातून तेल अगारवर जातं आणि तिथे उरलेल्यांना दाबतं. तुमच्या प्लेट रिकाम्या दिसण्यामागे हेही असू शकतं. पसरवण्याआधी दोनदा धुवा, लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेलं न्यूट्रलायझर (तेलाचा परिणाम थांबवणारं द्रावण) वापरा. तपासायला, तेल लावलेल्या वेलचा धुतलेला द्रव घेऊन त्यात माहीत असलेल्या संख्येचं ताजं कल्चर मिसळा आणि पसरवा. संख्या पूर्ण परत मिळाली तर तुमचे शून्य खरे.

प्रतिसाद ४

या विषयातला नाही, पण वाचून उत्सुकता वाटली. दातांवरचा थरही बायोफिल्मच ना? मग लवंगेच्या तेलाचे थेंब पाण्यात टाकून रोज चूळ भरली तर?

प्रतिसाद २

थर बायोफिल्मच, पण हे करू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, थेंब तसाच हिरडीला लागतो आणि श्लेष्मल त्वचा भाजते. टी ट्री तर पोटात जाता कामा नये, दालचिनीच्या सालीचं तेल त्वचेला ॲलर्जी आणतं. आणि वर प्रतिसाद ३ मध्ये आलंच आहे की मारणं वेगळं, थर काढणं वेगळं. दातांचा थर ब्रशनेच निघतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जीसी-एमएस शेजारच्या विभागात करून मिळेल, नमुने देते आहे. तेलाशिवायचे आणि पेशींशिवायचे कंट्रोल लगेच लावते.

दोन गोष्टी राहिल्या. एक, गाईडचा तो ९० टक्क्यांचा आलेख. दोन, स्यूडोमोनास. टी ट्री त्याला लागत का नाही? आणि त्याचं क्रिस्टल व्हायोलेट रीडिंग एकाच प्लेटवर इतकं वरखाली का होतं? स्टॅफचं तसं होत नाही.

प्रतिसाद ३

आलेखाचं सोपं आहे. एमआयसी म्हणजे ज्या मात्रेला जिवाणू वाढतच नाहीत. वाढलेच नाहीत तर बायोफिल्म कोण बनवणार? तो ९० टक्क्यांचा आकडा एमआयसीच पुन्हा सांगतो, वेगळ्या रंगात. बायोफिल्म बनण्याला तेल खास अडवतं असं म्हणायचं असेल तर एमआयसीच्या निम्म्या, पाव आणि अष्टमांश मात्रेला प्रयोग करा, आणि त्याच मात्रांना ग्रोथ कर्व्ह (वाढीचा आलेख) काढा. वाढ कंट्रोलइतकी आणि बायोफिल्म कमी, असं दिसलं तरच दावा टिकतो. सिनामाल्डिहाइड कमी मात्रेत व्हिब्रिओ या जिवाणूच्या क्वोरम सेन्सिंगमध्ये (आपापसातल्या रासायनिक संवादात) ढवळाढवळ करतं हे दाखवलं गेलंय, तेव्हा दालचिनीपासून सुरुवात करा. उलटही होऊ शकतं बरं का, अपुऱ्या मात्रेने डिवचलेले जिवाणू कधीकधी जास्त बायोफिल्म बनवतात. तसं आलं तर दडवू नका. गाईडना दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

स्यूडोमोनासला बाहेरचं पटल आहे, त्यात लिपोपॉलिसॅकराइडचा थर, तेलकट रेणूंना सहज आत शिरू देत नाही. जे शिरतात त्यांना मेक्सएबी-ओप्रएम पंप बाहेर फेकतो. टी ट्रीला दाद न देण्यात या पंपाचा हात आहे. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल बाहेरचं पटल खिळखिळं करू शकतात, म्हणून ओव्याकडून थोडी आशा ठेवा, पण स्टॅफइतक्या कमी मात्रेची नको.

वरखाली रीडिंगचं कारण बहुधा जागा. स्टॅफ तळाशी बसतं, स्यूडोमोनास हवा आणि ब्रॉथ जिथे भेटतात तिथे भिंतीवर कडं करतं. १०० मायक्रोलिटर कल्चर असेल तर रंग १२५ घाला, म्हणजे कडं पूर्ण बुडेल. शेवटी रंग विरघळवायचं ३० टक्के ॲसेटिक ॲसिडही तेवढंच. धुताना प्लेट पाण्यात बुडवून उलटी करा, पिपेटचा फवारा मारू नका. रेझाझुरिन घालण्याआधी स्यूडोमोनासचं हिरवट-निळं रंगद्रव्य धुऊन काढा, ते रीडिंगमध्ये मिसळतं.

प्रतिसाद १

अवांतर नाही, एकच भर. ट्वीन ८० विरघळवण्यासाठी वापरायचा मोह झाला तर आवरा, तो तेलाला स्वतःच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यांत) अडकवून त्याचा परिणाम कमी करू शकतो. न्यूट्रलायझरमध्ये तो त्याचसाठी तर असतो. ब्रॉथमध्ये ०.१५ टक्के अगार घालून तेल लोंबकळत ठेवायची पद्धत आहे, एमआयसीसाठी ती करून बघा.

खरवडण्याची कटकट नको असेल तर कॅल्गरी डिव्हाइस बघा. झाकणाला खुंट्या असतात, बायोफिल्म त्यांवर वाढतं, झाकण उचलून तेलाच्या प्लेटमध्ये, मग धुण्याच्या, मग सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी थर सोडवणाऱ्या यंत्रात). तेल तळाशी बसण्याचा प्रश्नही मिटतो.

धागाकर्ती

आमच्याकडे खुंट्यांचं झाकण नाही, पण सोनिकेटर आहे. काचेच्या छोट्या चकत्यांवर बायोफिल्म वाढवून त्या उचलल्या तर चालेल का?

प्रतिसाद ३

चालेल. चकत्या चिमट्याने कडेला धरा, तेलातून काढल्यावर दोनदा धुवा, मग न्यूट्रलायझरमध्ये टाकून सोनिकेट करा. सोनिकेशनने जिवाणू मरत नाहीत ना हे आधी तेल न लावलेल्या चकत्यांवर वेळ बदलून बघून घ्या. आणि निकाल टक्क्यांत न देता प्रति चौरस सेंटिमीटर लॉग घट (एक लॉग म्हणजे दहापट घट) म्हणून द्या. ९० टक्के म्हणजे फक्त एक लॉग, परीक्षक तिथेच बोट ठेवतील.