मदत हवी आहे: जुन्या झेनची ऑइल गळती, वरचे पॅकिंग घरी बदलावे की सगळेच काम गॅरेजला द्यावे?

नमस्कार.

फोंडा तालुक्यातील आमच्या घरी २००६ सालची मारुती झेन आहे. पेट्रोल, एमपीएफआय, ९९३ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, आणि आजवरचे धावणे एक लाख तीस हजार किलोमीटरच्या आसपास. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या इंजिनातून ऑइल गळत आहे. हे काम पूर्णपणे गॅरेजकडे सोपवावे की त्यातील काही भाग घरी करावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. दोन गॅरेजांनी दोन वेगळी निदाने केल्यामुळे पैशांच्या आधी निदानाचाच प्रश्न उभा राहिला आहे, म्हणून तपशील जरा विस्ताराने देत आहे.

गळती धो धो नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी अंगणातील कोब्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या बरोबर खाली रुपयाच्या नाण्याएवढे दोन-तीन डाग दिसतात. दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात डिपस्टिकवरील पातळी वरच्या खुणेपासून अर्ध्याच्याही खाली येते आणि मध्ये एकदा तरी ऑइल घालावे लागते. धुरात निळसर छटा नाही, त्यामुळे ऑइल जळत नसून बाहेरच जात आहे असे मी धरून चालते. फर्मागुढीचा चढ चढून गाडी उभी केली की कधीकधी जळक्या ऑइलचा वास येतो, तो सायलेन्सरच्या पाइपवर थेंब पडल्यामुळे येत असावा.

थोडी गळती जुन्या गाडीला असतेच, ती सोडून द्यावी, असे बरेच जण सांगतात. माझ्या बाबतीत ते शक्य नाही, कारण गाडी उभी राहते तिथून आमची विहीर दहा-बारा पावलांवर आहे आणि अंगणाचा उतार तिकडेच आहे. पावसात कोब्यावरचे पाणी वाहून चिऱ्याच्या गडग्यापाशी साचते आणि त्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. आमची जमीन जांभ्याची, तिच्यात पाणी झटकन मुरते. ज्या विहिरीचे पाणी आम्ही पितो तिच्याजवळ हे रोज होऊ देणे मला पटत नाही. सध्या गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवते, पण ट्रे हा उपाय नव्हे.

आता दोन गॅरेजांचे म्हणणे सांगते. पहिल्या ठिकाणी गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहिली आणि क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले आहे असे सांगितले. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि तो उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हेही बदलून घ्यावे, असा सल्ला मिळाला. एकूण अंदाज ११,५०० रुपये. दुसऱ्या ठिकाणच्या मेस्त्रींनी गाडीखाली न शिरता बॉनेट उघडले, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) मागच्या बाजूने बोट फिरवून दाखवले आणि म्हणाले, “बाई, ऑइल हंगासून देंवता. मागचें सील मागीर पळोवया.” (म्हणजे, ऑइल इथून खाली उतरते, मागचे सील नंतर पाहू.) त्यांच्या मते टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि डिस्ट्रिब्युटरची (स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची) रबरी रिंग एवढेच आधी बदलावे, आणि त्याचे मजुरीसह १,८०० रुपये होतील.

दोघांचे म्हणणे ऐकायला पटण्यासारखे आहे, आणि अडचण तिथेच आहे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडील टोकाला बसतो. टॅपेट कव्हरच्या त्या कोपऱ्यातून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या रिंगमधून झिरपलेले ऑइल ब्लॉकच्या अंगाने खाली उतरते, गिअरबॉक्सच्या तोंडावर जमते आणि मागचे सील फुटल्यावर जिथे ठिबकले असते नेमके तिथेच ठिबकते. खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसणार. त्यामुळे पहिल्या गॅरेजने फसवले असे मी मुळीच म्हणत नाही. इंजिन न धुता निदान केले, एवढाच माझा आक्षेप आहे.

म्हणून गळती नेमकी कुठून सुरू होते ते आधी पाहण्याचे ठरवले. धाकट्या भावाच्या मदतीने, थंड इंजिनावर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि वायरींचे जोड प्लास्टिकने नीट झाकून, इंजिनाची मागची व खालची बाजू डीग्रीझर आणि जुन्या टूथब्रशने घासून काढली. वर्षानुवर्षांचा काळा, मातीत मळलेला थर निघाल्यावर खालचा ॲल्युमिनियम पहिल्यांदाच दिसला. सगळे कोरडे झाल्यावर कव्हरच्या कडेला, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी आणि गिअरबॉक्सच्या जोडावर पातळसा टाल्कम पावडरचा थर उडवला. मग बाणस्तारीपर्यंत जाऊन परत आलो आणि टॉर्च घेऊन पाहिले. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून एक ओली, तपकिरी रेघ पांढऱ्या पावडरमधून सरळ खाली उतरली होती, आणि डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या अर्ध्या भागात पावडर ओली होऊन चिकटली होती. इतके स्पष्ट दिसले की शंकेला जागा राहिली नाही. मात्र दोन दिवसांनी गिअरबॉक्सच्या जोडाच्या अगदी तळाशीही थोडा ओलावा आला, आणि तो वरून ओघळून आला की आतून, हे मला ठरवता आलेले नाही.

त्या तळाच्या ओलाव्याचा बोटाने वास घेऊन पाहिला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तसा तो नाही. त्यामुळे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळत असण्याची शक्यता मी सध्या बाजूला ठेवली आहे. क्लच अजून घसरत नाही. चौथ्या गिअरमध्ये चढावर दाबून पाहिले तरी इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी मागे राहते असे होत नाही. मागचे सील बराच काळ गळत असते तर ऑइल क्लच प्लेटपर्यंत पोहोचून ती घसरू लागली असती, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का, हे कृपया सांगावे.

दुसरी एक गोष्ट दोन्ही गॅरेजांत कोणी पाहिली नाही. पिस्टनच्या कडांनी थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरत असतो, आणि तो पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हवाटे इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) परत ओढला जातो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी चिकट्याने तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कमकुवत पॅकिंगमधून बाहेर ढकलले जाते. असे असताना कितीही महागडे सील बसवले तरी काही महिन्यांत गळती परत येणार. आमचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर आतली गोटी जेमतेम सरकल्याचा आवाज आला, मोकळा खडखडाट नाही. नळी आतून काळ्या लोण्यासारख्या गाळाने अर्धी भरलेली होती. नळी साफ केली आहे, व्हॉल्व्ह नवा मागवला आहे. माझ्या मते कोणत्याही जुन्या इंजिनाच्या गळतीत पैसे खर्च करण्याआधी सर्वांत प्रथम पाहण्याची जागा हीच आहे.

या सगळ्यावरून माझा बेत असा आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग घरी बदलावे, पुन्हा सर्व धुऊन पावडर टाकावी आणि महिनाभर गाडी चालवून पाहावे. तरीही तळाशी ओलावा आला, तर मागचे सील गेले हे मान्य करून गिअरबॉक्सचे काम गॅरेजला द्यावे, आणि तेव्हा क्लचही बदलून घ्यावा. पॅकिंग काय किंवा सील काय, वस्तूची किंमत काही शे रुपयांच्या पलीकडे जात नाही. खर्च होतो तो तिथपर्यंत पोहोचण्याचा. टॅपेट कव्हरपर्यंत पोहोचायला एअर क्लीनरची नळी, काही वायरी आणि मोजके बोल्ट काढावे लागतात. मागच्या सीलपर्यंत पोहोचायला दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढून, इंजिनाला आधार देऊन, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. पहिले काम मी दुपारभरात सावकाश करू शकते. दुसरे मी घरी करणार नाही, कारण आमच्याकडे ना लिफ्ट आहे ना खड्डा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही हा आमच्या घरात पाळलेला नियम आहे. त्या कामाचा पहिल्या गॅरेजने सांगितलेला अंदाज रास्तच आहे असे मला वाटते.

मधले काम मात्र अडले आहे, ते म्हणजे डिस्ट्रिब्युटर. रिंग बदलण्यासाठी तो बाहेर काढावा लागतो, आणि तो फिरला तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते. बॉडीवर आणि हेडवर खिळ्याने खूण ओरखडून, रोटरची दिशा टिपून, फोटो काढून तो त्याच जागी परत बसवला, तर टायमिंग लाइट लावून तपासणे तरीही आवश्यक आहे का? ज्यांनी झेन किंवा एस्टीमवर हे काम स्वतः केले आहे त्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे. आवश्यक असेल तर एवढे एक काम दुसऱ्या गॅरेजच्या मेस्त्रींकडूनच करून घेईन.

पॅकिंगविषयी आणखी दोन शंका आहेत. कव्हरचे बोल्ट जास्त आवळले की रबर चेपून बाहेर येते आणि नवे पॅकिंगही गळू लागते, म्हणून भावाचा छोटा टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरणार आहे. पण या कव्हरसाठी कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला नेमका आकडा कोणाकडे आहे का? आणि रबरी पॅकिंगला सर्वत्र सिलिकॉन सीलंट लावणारे मी पाहिले आहेत, तर काही जण फक्त कोपऱ्यांत थेंबभर लावावे म्हणतात. जादा सीलंट आत सुटून ऑइलच्या गाळणीत अडकू शकते, म्हणून मला दुसरे मत अधिक पटते.

ऑइलमध्ये घालायच्या गळतीरोधक द्रवाचा सल्लाही मिळाला आहे. असे द्रव कडक झालेल्या रबराला फुगवून मऊ करतात, त्यामुळे काही काळ गळती कमी होत असेल. पण वीस वर्षे उष्णतेत भाजून प्लास्टिकसारखे कडकडीत झालेले पॅकिंग त्याने सुधारेल असे मला वाटत नाही, आणि जी सीले आज ठीक आहेत त्यांच्यावर तो प्रयोग का करावा? जाड ऑइल घालण्याविषयीही माझे हेच मत आहे. मॅन्युअलने सांगितलेली श्रेणीच मी घालत आले आहे.

टायमिंग बेल्टच्या बाजूची कॅम व क्रँकची पुढची सीले तूर्त कोरडी आहेत. बेल्ट बदलायची वेळ पुढच्या वर्षी येईल तेव्हा तीही गॅरेजमध्येच बदलून घ्यायची आहेत, कारण ऑइलने भिजलेला बेल्ट फार काळ टिकत नाही. त्यासाठी आताच घाई करावी असे कोणाला वाटत असेल तर कारणासह सांगावे.

इतका खर्च या गाडीवर करावा का, असा प्रश्न येईलच, म्हणून आधीच लिहिते. नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले आहे, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. तेही हिशोबात धरले आहे. आईला ठरावीक दिवशी बांबोळीच्या इस्पितळात न्यावे लागते आणि तिला या गाडीत चढता-उतरताना त्रास होत नाही. पत्रा शाबूत आहे, जे आमच्या खाऱ्या दमट हवेत या वयाच्या गाडीला सहसा लाभत नाही. त्यामुळे गाडी ठेवायची हे ठरले आहे. नवी घेण्याचे सल्ले कृपया देऊ नयेत.

पॅकिंगची मागणी फोंड्यातील सुट्या भागांच्या दुकानात नोंदवली आहे आणि ते आठवड्याभरात येईल. तोपर्यंत मला मुख्यतः दोन उत्तरे हवी आहेत: वरची गळती थांबल्यावर तळाचा ओलावा महिनाभर पाहणे पुरेसे आहे की या काळात क्लचचे नुकसान होण्याचा धोका आहे, आणि डिस्ट्रिब्युटरला हात लावावा की नाही. पावडरवरच्या रेघेचे आणि गिअरबॉक्सच्या जोडाचे फोटो काढून ठेवले आहेत. कोणाला बघायचे असल्यास लगेच टाकते.