मदत हवी आहे: बाबांना रग्बीतली ‘रक’ (खाली पडलेल्या चेंडूवरची रेटारेटी) कबड्डीच्या भाषेत कशी समजावू?

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिनबरात राहतो. बाबा सांगलीहून पहिल्यांदाच इकडे आलेत, आणि मला सिक्स नेशन्स या रग्बी स्पर्धेतल्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याची दोन तिकिटं मिळाली आहेत. इथल्या मरेफील्ड मैदानावर, अकरा दिवसांवर आलाय. बाबांना तिथे नुसतं बसवून आणायचं नाहीये. त्यांना खेळ कळावा असं फार वाटतंय.

बाबा तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर. घोटा धरण्यात हातखंडा. त्यामुळे पंधरा जणांचा संघ, पास फक्त मागेच द्यायचा, ट्रायचे (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की) ५ गुण, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर खांबांमधून मारलेल्या लाथेचे) २, पेनल्टीचे (समोरच्यांच्या चुकीवर मिळालेली लाथ खांबांमधून गेली की) ३, हे सगळं त्यांनी एका दुपारीच पचवलं. पकडलेला माणूस रेषेपलीकडे चेंडू टेकवायला हात लांबवतोय हे बघून तर स्वतःच म्हणाले, "मध्यरेषा गाठतोय की गं हा!"

त्यात स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या कलकत्ता चषकाची गोष्ट सांगितल्यापासून त्यांना सामन्याची ओढच लागली आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यातला रग्बीचा क्लब बंद पडला, तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला. धरायच्या तीन मुठी म्हणजे नाग, झाकणावर हत्ती. "आपल्याकडच्या रुपयांचा हाय होय!" म्हणून फोटो मोठा करून करून बघत होते.

घोडं अडलंय रकपाशी. काल रात्री त्यांना याच दोन संघांचा २०२५ चा, लंडनमधल्या ट्विकनमचा सामना लावून दिला. बाबा सोफ्याच्या अगदी कडेला, दोन्ही मुठी आवळून, "सोडू नको! सोडू नको त्याला!" आणि शिट्टी. पेनल्टी. "अगं, चांगला धरला होता की त्यानं. धरल्याची शिक्षा कसली?" थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी, आता ज्याला धरलं होतं त्याच्याविरुद्ध. मी इंग्रजीतले नियम वाचून सांगायला गेले, तर माझाच गोंधळ उडाला.

त्या सामन्यात स्कॉटलंडचे तीन ट्राय, इंग्लंडचा एकच. पण स्कॉटलंडची तिन्ही कन्व्हर्जन हुकली, इंग्लंडने पेनल्टीवर गुण जोडले आणि १६-१५ ने सामना नेला. संपल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सगळा खेळ त्या शिट्टीत हाय. आणि तीच मला कळंना."

टीव्हीवर पंचांचं बोलणं ऐकू येतं, पण ते इंग्रजीत आणि घाईचं. बाबांना ते झेपत नाही. कोणी कबड्डी आणि रग्बी दोन्ही जाणणारं असेल तर कृपया सांगा. आणि हातात आलेला चेंडू हे लोक लाथ मारून देऊन का टाकतात, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

प्रतिसाद, डब्लिनहून

ताई, कोपऱ्यावर खेळलेल्या माणसाला हे खटकणारच. कबड्डीत पकड सोडली की चढाई करणारा निसटला. इथे माणूस खाली पाडला की त्याला लगेच सोडायचंच, आणि पडलेल्याने चेंडू सोडायचा.

बाबांना ‘बाद’ हा शब्द वापरून सांगा. जो जमिनीवर आहे तो तेवढ्यापुरता बाद. पाडणाऱ्याने लोळत बाजूला व्हायचं. उठून पायावर उभा राहिला की पुन्हा जिवंत. बाकीच्यांनी उभं राहूनच, आपल्या बाजूने, मागून शिरायचं. आडवं शिरलं की शिट्टी. चेंडूवर दोन्हीकडचे निदान एकेक जण उभ्याने भिडले की झाली रक. तिथून पुढे खाली वाकून नव्याने हात घालायचा नाही, समोरच्याला रेटायचं.

आता त्यांचं कोडं. रक व्हायच्या आत बचाव करणाऱ्या संघातला जिवंत गडी उभ्याने चेंडूला हात घालतो आणि खालचा बाद माणूस चेंडू कवटाळून बसतो, तेव्हा पेनल्टी खालच्याविरुद्ध. उलट पाडणारा सोडत नाही किंवा वाटेत पडून राहतो, तेव्हा पेनल्टी त्याच्याविरुद्ध.

लाथेचं सोपं आहे. पास पुढे देता येत नाही, मग पुढे जायला पळणं किंवा लाथ, दोनच वाटा. शिवाय आपल्या अर्ध्या मैदानातून मारलेला चेंडू टप्पा खाऊन समोरच्यांच्या ट्राय-रेषेलगतच्या २२ मीटरच्या पट्ट्यात बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर आत फेकायचा हक्क मारणाऱ्यालाच मिळतो. हा नियम २०२१ पासूनचा.

प्रतिसाद, पुण्याहून

वरचं बरोबर आहे, पण मैदानात चेंडू माणसांखाली झाकलेला असतो, आपल्याला दिसत नाही. म्हणून बाबांना पंचांचे हात बघायला शिकवा. क्रिकेटच्या पंचांच्या खुणा त्यांना कळत असतीलच, तसंच हे. तिरका वर गेलेला सरळ हात ज्या बाजूला, पेनल्टी त्या संघाची. मग चेंडू छातीशी धरल्यासारखे हात केले तर खालच्याने चेंडू सोडला नाही. बोट आणि हात गोल फिरवला तर पाडणारा बाजूला झाला नाही. या तीन खुणा आल्या तरी पुष्कळ झालं. इंग्रजीची गरजच नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! आज बाबांनी नातवाला गालिच्यावर झोपवून, उशीचा चेंडू करून हे चारदा करून बघितलं. "मी सोडला, लोळलो. आता तू चेंडू सोड." नंतर तोच सामना पुन्हा लावला. एका रकला पंचांची शिट्टी वाजायच्या आधी बाबा ओरडले, "बाद माणसानं धरून ठेवलाय!" आणि खरंच पंचांचे हात छातीशी गेले. बाबांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चहा सांडला.

आता ते स्क्रमचं विचारताहेत. आठ विरुद्ध आठ डोकी भिडवून रेटतात, त्यात चूक कोणाची हे पंच कसं ठरवतात? दहा दिवस आहेत हातात.